नाडीशोधन : आधी रेचक, मग आकडे

सांगलीच्या आमराईत किंवा साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर भल्या सकाळी गेलात, तर नाक धरून बसलेली पाच-दहा माणसे हमखास दिसतात. डावीकडून घेतला, उजवीकडून सोडला. उजवीकडून घेतला, डावीकडून सोडला. क्रम सगळ्यांचा बरोबर असतो. पण जवळून ऐकले की नाकाचा सुर्र-सुर्र आवाज येतो, खांदे वरखाली होताना दिसतात आणि मिनिटाला पंधरा-सोळा श्वास सहज मोजता येतात. एवढे श्वास माणूस नुसता बसूनही घेतो. नाडीशोधनाचा क्रम पाच मिनिटांत पाठ होतो. श्वास सोडणे, म्हणजे रेचक, जमायला मात्र तीन महिने लागतात आणि या प्राणायामाचा कस तिथेच लागतो. पुढची माहिती त्या तीन महिन्यांसाठी आहे.

नावाचा गोंधळ आधी मिटवू. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात ही क्रिया कुंभकासह, म्हणजे श्वास धरून ठेवण्यासह सांगितली आहे. चंद्र नाडीने म्हणजे डाव्या नाकपुडीने श्वास भरायचा, शक्तीप्रमाणे धरायचा, सूर्य नाडीने म्हणजे उजवीने सोडायचा. मग त्याच उजवीने भरून डावीने सोडायचा. आजच्या बहुतेक वर्गांत कुंभकाशिवाय केलेल्या या श्वसनाला अनुलोम-विलोम आणि कुंभकासह केलेल्याला नाडीशोधन म्हणतात. काही परंपरांत दोन्हींना एकच नाव आहे. इथे कुंभक नसलेला प्रकार मुख्य धरला आहे, कारण संसारी माणसाला रोजच्या रोज लागतो तो हाच.

बसण्याआधी नाक तपासा

दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या असणे दुर्मीळ. नाकाच्या आतल्या बाजूच्या मऊ अस्तरात रक्त कमी-जास्त होत असते, त्यामुळे एक बाजू थोडी फुगते, दुसरी मोकळी होते आणि काही तासांनी हे उलटते. जुन्या लोकांनी यालाच डावा स्वर, उजवा स्वर म्हटले. त्यामुळे एक बाजू जड लागली म्हणून सर्दी झाली असे लगेच समजू नका. बंद नाकपुडीखाली तळहात धरून श्वास सोडा. थोडीशी जरी हवा लागली तरी अभ्यास करता येतो. अजिबात लागत नसेल तर त्या दिवशी जबरदस्ती नको.

जड बाजू मोकळी करायचा सोपा उपाय म्हणजे कुशीवर झोपणे. डावी बंद असेल तर उजव्या कुशीवर पाच ते दहा मिनिटे पडा. वरची बाजू हळूहळू सुटते. उजव्या काखेत दाब दिल्यानेही डावी मोकळी होते. साधूंजवळ काखेखाली घ्यायचा जो योगदंड असतो, त्याचा उपयोग हाच. घरी उशीची घट्ट गुंडाळी काखेत धरली तरी काम भागते.

जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, करत असाल तर पाणी उकळून कोमट केलेलेच घ्या. नळाचे असो, बोअरचे असो, न उकळलेले पाणी नाकात घालू नका. त्यातून दुर्मीळ पण जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. अर्धा लिटर पाण्याला सपाट एक चहाचा चमचा मीठ, म्हणजे साधारण साडेचार-पाच ग्रॅम. मीठ कमी पडले तर नाक झोंबते, जास्त झाले तरी झोंबते. नंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकून पाणी काढा. एक बाजू दाबून जोरात शिंकरले तर पाणी कानाकडे ढकलले जाते आणि दडे बसतात. नेतीनंतर अर्धा तास थांबून बसा. रोज नेतीची गरज नाही. धुळीत काम असेल त्यांनी आठवड्यातून दोनदा केली तरी पुरे.

बैठक

इथे सगळ्यात जास्त घाई होते. सपाट फरशीवर मांडी घातली की ज्यांचे कंबरेचे सांधे आखडलेले आहेत त्यांचे गुडघे वर राहतात, कंबर मागे ढळते, पोट दुमडते आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला, खाली सरकायला जागाच उरत नाही. मग श्वास छातीच्या वरच्या भागात घ्यावा लागतो आणि खांदे उचलतात. म्हणजे खांद्यांची तक्रार खरे तर कंबरेची असते.

वाकळीची किंवा घोंगड्याची घट्ट घडी करा, सहा ते आठ बोटे उंच. घडीच्या मधोमध न बसता पुढच्या कडेवर बसा, म्हणजे बैठकीची हाडे घडीवर आणि मांड्या उताराला. गुडघे कंबरेच्या खाली आले की पाठ आपोआप उभी राहते, ताठ करावी लागत नाही. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेल सारा. मांडी जमतच नसेल तर बिनहाताच्या खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा, पाठ टेकू नका. खुर्चीवर केलेले नाडीशोधन कमी प्रतीचे नसते. पतंजलींनी आसनाला स्थिर आणि सुखाचे एवढ्या दोनच अटी घातल्या आहेत, पद्मासनाची अट नाही.

हाताची ठेवण

उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट तळहाताकडे मिटा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका आणि करंगळी मिळून डाव्या नाकपुडीसाठी. नखे कापलेली हवीत. नाकाच्या वरचे हाड जिथे संपते आणि मऊ भाग सुरू होतो, तो खळगा बोटाने चाचपा. दाब तिथे द्यायचा, नाकाच्या टोकाशी नाही. टोकाशी दाबले की नाकाचा मधला पडदा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो आणि उघडी नाकपुडीही अरुंद होते. दाब किती? पिकलेल्या द्राक्षावर बोट ठेवावे इतका, त्यावर खूण उमटता कामा नये.

कोपर बरगड्यांना चिकटवू नका आणि पंखासारखे उचलूही नका; काखेत एक लिंबू मावेल एवढी जागा ठेवा. हात नाकाकडे न्यायचा. नाक हाताकडे आणले की मान उजवीकडे वळते. आरशासमोर एकदा बसलात तर ही चूक लगेच दिसेल. हात भरून आला तर डाव्या तळव्याचा आधार उजव्या कोपराला द्या, नाहीतर दोन आवर्तनांमध्ये हात खाली घेऊन मोकळा करा.

एक आवर्तन

आधी दोन्ही नाकपुड्यांनी सावकाश सगळा श्वास सोडा. अंगठ्याने उजवी बंद करा. डावीने चार मात्रा श्वास घ्या (मात्रा म्हणजे श्वास मोजायचे माप, ते पुढे सांगितले आहे). अनामिकेने डावी बंद करा, त्याच क्षणी अंगठा सैल करा आणि उजवीने सोडा. सोडून झाल्यावर बोटे हलवू नका. उजवीनेच परत घ्या. घेऊन झाल्यावर अंगठा टेकवा, अनामिका सैल करा, डावीने सोडा. डावीपासून सुरू होऊन डावीवर संपले, हे एक आवर्तन. बोटे बदलायची ती श्वास भरल्यावर, रिकामा झाल्यावर नाही, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की क्रम कधी चुकत नाही.

बोट पूर्ण उचलायचे नाही. ते त्वचेला लागलेलेच राहते, फक्त दाब निघतो. बोटे दूर गेली की दर वेळी जागा नव्याने शोधावी लागते आणि त्या वेळात श्वास नकळत अडकतो.

मात्रा कशी मोजायची

मोबाइलच्या टाइमरवर मोजणे सोयीचे वाटते, पण त्याच्या टिकटिकीमागे श्वास धावायला लागतो. जुन्या ग्रंथांत मात्रेचे माप शरीरावरच दिले आहे: गुडघ्याभोवती तळहात एकदा फिरवून चुटकी वाजवायला लागणारा वेळ, घाईने नाही आणि रेंगाळतही नाही. सरावाआधी दहा-बारा वेळा असे करून बघा, म्हणजे मनात एक लय बसते. मग मनातल्या मनात तेवढ्याच लयीत मोजा. मात्रा सेकंदाएवढी झाली तरी चालेल, थोडी लांब झाली तरी चालेल. पहिल्या आवर्तनातली मात्रा आणि दहाव्यातली सारखी हवी, एवढेच. तुमची मात्रा दमल्यावर आखूड होत जाते का, हे बघण्यासाठी तंबोरा उत्तम. मिरजेच्या आसपास राहणाऱ्याच्या कानाला तो परका नाही. ध्वनिमुद्रित तंबोरा अगदी हळू आवाजात लावा आणि चार तारांची एक फेरी म्हणजे एक पूरक, म्हणजे एकदा श्वास घेणे, धरा. तार पुढे गेली आणि तुम्ही मागे राहिलात तर संख्या कमी करा, श्वास ओढून तिला गाठायला जाऊ नका.

तीन महिन्यांची चढण

पहिला आठवडा हात नाकाला लावायचाच नाही. एक तळवा पोटावर, एक बरगड्यांच्या बाजूला ठेवून दोन्ही नाकपुड्यांनी सावकाश श्वास. घेताना पोट हलकेच पुढे, मग बरगड्या बाजूला. सोडताना दोन्ही परत. घेताना पोट आत ओढले जाणाऱ्यांची संख्या बरीच असते, विशेषतः पोट आत घेऊन उभे राहायची सवय असलेल्यांत. त्यांनी हे आधी उताणे झोपून करावे. झोपल्यावर पोट बरोबर वागते.

दुसरा आठवडा एका नाकपुडीचा. उजवी बंद ठेवून डावीनेच दहा श्वास आत-बाहेर, मग डावी बंद ठेवून उजवीने दहा. अरुंद बाजूने किती सावकाश घ्यावे लागते ते इथेच कळते, आणि पुढे दोन्हींचा वेग त्या अरुंद बाजूच्या मापाने ठेवायचा.

तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण आवर्तन, चार मात्रा घ्यायचा, चार मात्रा सोडायचा. पाच आवर्तनांनी सुरुवात करा, आठवड्याला दोन-दोन वाढवत दहा-बारापर्यंत जा. महिन्याभराने चारला सहा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी चारला आठ. मात्रा सेकंदाएवढी धरली तर चारला आठच्या एका आवर्तनाला २४ सेकंद लागतात, दहा आवर्तने चार मिनिटांत होतात. तिसऱ्या महिन्यात पाचला दहा: आवर्तन ३० सेकंदांचे, दहा आवर्तने पाच मिनिटांत, म्हणजे मिनिटाला फक्त चार श्वास. इथपर्यंत आवाज न करता, चेहरा न आवळता पोहोचलात तर आकडा आणखी वाढवण्याची गरजच नाही. नाहीतर आकड्यांची चढाओढ लागते आणि श्वास बिघडतो.

पुढच्या पायरीवर जायचे की नाही हे ठरवायची एकच परीक्षा. दहावे आवर्तन संपले की हात खाली घ्या आणि पुढचे तीन श्वास नुसते बघा. ते शांत आले तर संख्या योग्य. मोठा श्वास घ्यावासा वाटला, उसासा आला, छाती धडधडली, तर आजचे माप जास्त होते. उद्या एक मात्रा कमी.

रेचक का निसटतो

चारला आठ सुरू केले की नव्वद टक्के तक्रारी एकाच जागी येतात: सहाव्या मात्रेलाच श्वास संपतो. कारण समजून घेतले तर उपाय सोपा आहे. भरलेली छाती ताणलेल्या रबरासारखी असते, सोडली की ती स्वतःच आकसते. म्हणून पहिल्या दोन मात्रांतच बरीचशी हवा निघून जाते आणि उरलेल्या मात्रांना काही शिल्लक राहत नाही. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे सांगलीतले शाळकरी पोरही सांगते. दारे एकदम वर गेली तर काय होते ते आयर्विन पुलाखाली दिसते. फुटाफुटाने उघडली तर नदी पात्रात राहते. रेचकाची पहिली अडीच-तीन मात्रा अशीच सांभाळायची असते. श्वास सोडायला सुरुवात केली तरी बरगड्या लगेच पडू देऊ नका, घेताना फुगल्या होत्या तशाच रुंद ठेवायचा हलका प्रयत्न ठेवा. मधल्या मात्रांत काही करू नका. शेवटच्या दोन मात्रांत नाभीखालचा भाग थोडा आत घ्या, म्हणजे उरलेली हवा पिळून न काढता निघते.

दुसरा उपाय पूरकात आहे. सोळा आणे श्वास भरू नका, बारा आणे भरा. गच्च भरला की ताण वाढतो आणि सुटतानाही जोरात सुटतो.

रेचक गुळगुळीत आहे का हे तपासायला वातीच्या कापसाचा एक विरळ तंतू डाव्या हाताच्या बोटावर नाकापासून वीतभर अंतरावर धरा. सुरुवातीला तो फडफडेल. आठही मात्रांत तो जवळजवळ स्थिर राहू लागला की रेचक हाती आला. ही परीक्षा आठवड्यातून एकदाच करा. रोज केली तर सगळे लक्ष कापसात जाते.

आवाज हे दुसरे मोजमाप. श्वास घेताना नाकपुडीची भिंत आत खेचली जात असेल आणि सूं-सूं ऐकू येत असेल, तर वेग जास्त आहे. घशातून घासल्यासारखा आवाज येत असेल तर नकळत उज्जायी, म्हणजे घसा किंचित आवळून करायचा प्राणायाम, मिसळली आहे. उज्जायी वाईट नाही, पण तिची वेळ वेगळी.

चक्कर, बोटांना मुंग्या, ओठ बधिर वाटणे: ही लक्षणे ऊर्जा जागी झाल्याची म्हणून काही जण कौतुकाने सांगतात. ती भराभर आणि खोल श्वास घेतल्याची असतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोके हलके होते. थांबा, डोळे उघडा, नेहमीसारखा श्वास घ्या. दोन-तीन मिनिटांत बरे वाटते. याच कारणाने ‘जास्त ऑक्सिजन मिळतो म्हणून प्राणायाम करा’ हे सांगणेही सोडून द्यायला हवे. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच जवळपास पुरेपूर असतो. मिळते ते संथपणातून: लांब रेचकाच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावतात, हे मनगटाची नाडी धरून कुणालाही अनुभवता येते. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले ते अशा गोष्टी यंत्रांनी मोजून बघण्यासाठीच. आपल्या मराठी मुलखातल्या साधकांनी तरी मोजण्याची ती सवय सोडू नये.

झोप येत असेल तर बहुतेक वेळा पाठ ढळलेली असते किंवा पोट भरलेले असते. जबडा, जीभ आणि भुवया या तीन जागा दर दोन आवर्तनांनी तपासा. ताण तिथे लपतो.

वेळ, जागा आणि आपल्याकडची हवा

पोट साफ झाल्यावर, सकाळी, रिकाम्या पोटी. जेवणानंतर साडेतीन-चार तास, चहानंतर अर्धा तास, संध्याकाळी भडंग-कांदा खाल्ला असेल तर दोन तास. हठप्रदीपिकेत दिवसातून चार वेळा बसायला सांगितले आहे, ते सगळा दिवस साधनेला दिलेल्यांसाठी. घरसंसार असलेल्याने सकाळी एकदा आणि जमल्यास सूर्यास्ताच्या सुमाराला एकदा बसावे.

मोकळी हवा म्हणजे बाहेरची हवा असे आपल्याकडे धरून चालत नाही. गळीत हंगामात तोडलेल्या फडाचे पाचट पेटवले जाते, गुऱ्हाळांच्या चुलाणाचा धूर गारठ्यामुळे जमिनीलगत पसरतो आणि पहाटे तो सगळ्यात दाट असतो. अशा दिवसांत गच्चीपेक्षा घरातली खोली बरी, नाहीतर ऊन वर आल्यावर बसा. तासगाव, पलूस, मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी-डाऊनीची औषधे सारखी मारली जातात. बागेत ब्लोअर फिरला त्या दिवशी शेतातल्या घराच्या सोप्यात बसू नका आणि स्वतः फवारणी केली असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या. हळदीच्या पेठेत किंवा पॉलिशच्या ड्रमवर काम करणाऱ्यांनी आंघोळ करून, नाक स्वच्छ करून मगच बसावे; ती बारीक धूळ नाकात सुकली की श्वास सावकाश घेताना ठसका लागतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, तिथे कोरडी खोली निवडा. हिवाळ्यात गार हवेने नाक चोंदत असेल तर खिडकी फटीएवढीच उघडी ठेवा आणि डोक्याला कानटोपी घाला.

आणि उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांतले काहीही त्या खोलीत नको. देवघरासमोर बसत असाल तर आधी प्राणायाम, मग पूजा.

कुंभकाबद्दल

तीन महिने झाल्यावर, पाचला दहा सहज येत असेल तर श्वास भरल्यावर थोडे थांबता येते. प्रमाण चार-चार-आठपासून सुरू होते. एक-चार-दोन हे प्रसिद्ध प्रमाण चारच्या मात्रेने केले तर चार घ्यायचा, सोळा धरायचा, आठ सोडायचा. म्हणजे एकाच आवर्तनाला ५६ सेकंद. हे पुस्तक वाचून करण्यासारखे नाही. सोबत जालंधर बंध, म्हणजे हनुवटी छातीकडे टेकवून गळा आवळणे, लागतो आणि तो चुकला की दाब डोके, कान, डोळे यांवर येतो. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करायचे तसाच प्राण, घाई केली तर तोच साधकाचा घात करतो, असा इशारा हठप्रदीपिकेने दिला आहे तो याच जागेसाठी. समोर बसून शिकवणारा अनुभवी शिक्षक असेल तरच पुढे जा. कुंभक झाल्यावर रेचक धसकन सुटला तर कुंभक जास्त झाला, हे समजायला मात्र शिक्षकाचीही गरज नाही.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, फिट येणे यांपैकी काही असेल, किंवा गरोदरपण असेल, तर कुंभक पूर्ण वर्ज्य. साधा, बिनकुंभकाचा प्रकारही डॉक्टरांना विचारून, चारला चार किंवा चारला सहापर्यंतच. दमेकऱ्यांनी दम लागलेला असताना बसू नये आणि पंप जवळ ठेवूनच बसावे. कुठलेही औषध प्राणायामाच्या भरवशावर बंद करायचे नाही. नाकाचे, डोळ्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन झाले असेल तर शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यावरच. एक बाजू महिनोन्महिने पूर्ण बंद असेल तर बहुतेक वेळा पडदा वाकडा असतो किंवा आत मांस वाढलेले असते. ते कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ज्यांना नाक धरले की गुदमरल्याची भीती वाटते त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, मोजणे सोडावे आणि नाकपुडी पूर्ण बंद न करता बोट नुसते टेकवून करावे. आठ-पंधरा दिवसांत भीती ओसरते.

संपवताना डावीने रेचक करून हात मांडीवर ठेवा आणि दोन मिनिटे काही न करता बसा. झटकन उठून कामाला लागू नका. सर्दी-तापामुळे किंवा पाहुण्यारावळ्यांमुळे आठ-दहा दिवस खंड पडला, तर जिथे सोडले तिथून सुरू करू नका. पाचला दहावर होतात तर चारला सहावर या, आठवडाभर तिथे राहा, मग पुन्हा वर जा.